चंद्र, नथ आणि सातबारा

प्रेमगीतांतील अतिशयोक्ती हा विषय या पानावर कशासाठी, असा प्रश्न काही साथींच्या मनात येईल. महागाई, बेकारी, शेतमालाचे भाव, शिक्षणाचा बाजार असे विषय समोर उभे असताना प्रेयसीच्या डोळ्यांना समुद्र म्हणावे की तळे म्हणावे याची चर्चा करणे ही निवृत्त प्राध्यापकाची चैन आहे, असेही कोणी म्हणेल. त्यांना उत्तर देण्यापूर्वी एका तक्रारीची नोंद करतो. आपल्यातील काही तरुण कार्यकर्ते अलीकडे असे म्हणू लागले आहेत की, कलापथकाच्या कार्यक्रमांतून प्रेमाची गाणी काढून टाकावीत, निदान त्यांची छाटणी करावी. चंद्र-तारे तोडून आणण्याची, विरहात रात्रीचे युग होण्याची भाषा खोटी आहे. ती कष्टकरी माणसाला त्याच्या वास्तवापासून दूर नेते. आणि लोकांना खरे बोलायला शिकविणाऱ्या चळवळीने या खोट्याला व्यासपीठ देऊ नये, असा त्यांचा युक्तिवाद आहे. याच्या उलट बाजूला आपलीच साहित्यप्रेमी मंडळी आहेत. कलेच्या प्रांतात सर्व काही माफ असते, तेथे हिशेब मागू नये, असे ती म्हणतात.

मला दोन्ही मते सारखीच आळशी वाटतात. पहिल्या मताचे लोक गाणे पुरते ऐकत नाहीत आणि दुसऱ्या मताचे लोक गाणाऱ्याकडे पाहत नाहीत. कोण कोणाविषयी, कोणापुढे आणि कशाच्या अभावी वाढवून बोलतो आहे, हे विचारल्याशिवाय अतिशयोक्तीबद्दल बोलणे म्हणजे पिकाचे नाव न विचारता हमीभाव जाहीर करण्यासारखे आहे.

हा वाद नवा नाही. सातव्या शतकाच्या सुमारास दंडीने 'काव्यादर्शा'त त्याची चर्चा केली आहे. लौकिक अर्थाचे उल्लंघन न करणारे वर्णन सर्वांना आवडते, असे म्हणून त्याने ते वैदर्भी रीतीचे लक्षण ठरविले. आणि लौकिक मर्यादा ओलांडून आकाशालाही तोकडे ठरविणाऱ्या वर्णनाला 'अत्युक्ती' असे नाव देऊन ती गौडांना प्रिय असल्याचे नोंदविले. म्हणजे वऱ्हाडच्या नावाने चालणारी रीत मापात बोलणारी! आजच्या मराठी सिनेसंगीताचा विदर्भाशी फारसा संबंध उरलेला दिसत नाही. गंमत अशी की, पुढे अलंकारांचा विचार करताना हाच दंडी अतिशयोक्तीला अलंकारांत उत्तम ठरवितो. वाढवून बोलणे हा दोष नाही, माप न ओळखता वाढवून बोलणे हा दोष आहे, असा त्याच्या म्हणण्याचा मी अर्थ लावतो. संस्कृत पंडितांकडून एवढे घेतले तरी आपल्या कामापुरते पुरे.

आपण सर्वांनी शाळेत अतिशयोक्ती शिकताना जे उदाहरण पाठ केले, ते मात्र पंडितांचे नव्हते. दमडीचे तेल आणले जाते, त्यात घरादाराची न्हाणी-धुणी उरकतात, तरीही ते उरते, आणि सांडलेल्या तेलाच्या ओघात चक्क उंट वाहून जातो, असे ते लोकगीत. मास्तर हसत, मुलेही हसत. अर्थशास्त्राची पदवी घेतल्यानंतर मला या गाण्यात वेगळेच दिसू लागले. हे गाणे श्रीमंत घरात जन्मणे शक्य नव्हते. ज्या घरात तेल दमडीचेच येते, आणि ते सासू-सासऱ्यांपासून सर्वांना पुरवून दाखविण्याची जबाबदारी एका सुनेवर असते, त्याच घरात तेलाचा असा महापूर कल्पिला जाईल. येथे अतिशयोक्ती टंचाईचे माप आहे. उंट जितका मोठा, तितकी दमडी लहान. ज्या तरुण साथींना वाढवून बोलणे म्हणजे वास्तवापासून पळणे वाटते, त्यांनी या सुनेचा विचार करावा. तिने वास्तव सांगितले आहे. आकडा तेवढा उलटा लिहिला आहे.

आता प्रेमाकडे वळू. प्रियकराने प्रेयसीला चंद्र आणून देण्याचे वचन द्यायचे, हा हिंदी-मराठी चित्रपटगीतांचा जुना संकेत. या वचनाचे अर्थशास्त्र कोणी पाहिले आहे काय? चंद्र आणून देतो म्हणणाऱ्यावर तो आणण्याची जबाबदारी कधीच येत नाही. नथ आणून देतो म्हणणाऱ्याला सोनाराच्या पेढीवर जावे लागते, भाव विचारावा लागतो, उसनवार करावी लागते, आणि न आणल्यास दिवाळीला जाब द्यावा लागतो. अशक्य वचन हे सर्वांत स्वस्त वचन होय. म्हणूनच जुन्या लोकगीतांतल्या स्त्रिया चंद्र सहसा मागत नाहीत. त्या नथ, पुतळ्यांची माळ, पाटल्या, नेसू मागतात. आणि हे मागणे लोभाचे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की, पिढ्यान् पिढ्या अंगावरचे दागिने हीच बाईच्या नावाची एकमेव मालमत्ता होती. जमीन सासऱ्याची, मग नवऱ्याची, मग मुलाची. महाराष्ट्राने १९९४ साली मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत सहदायाद केले, केंद्राने ते २००५ साली केले. परंतु बायकोच्या नावाने जमीन करून देणे ही आजही नवऱ्याच्या मर्जीची गोष्ट आहे.

या संदर्भात मला शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने १९९०च्या आसपास चालविलेल्या 'लक्ष्मीमुक्ती'च्या कार्यक्रमाची आठवण होते. शेतकऱ्याने आपल्या जमिनीचा काही भाग स्वखुशीने बायकोच्या नावे करून द्यावा, असा तो कार्यक्रम. जोशींच्या खुल्या बाजाराच्या विचारांशी माझे मतभेद होते आणि आहेत. तरीही असे म्हणेन की, त्या काळात तलाठ्याच्या दप्तरात ज्या नोंदी झाल्या त्या महाराष्ट्रातील मोजक्या वास्तव प्रेमगीतांपैकी होत. त्यांत चंद्र नव्हता, गट क्रमांक होता.

लावणीचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. राजगडाच्या पायथ्याशी, पालीच्या परिसरात लावणी म्हटले की आधी भाताची लावणी आठवते: आषाढात गुडघाभर चिखलात, डोक्यावर इरले घेऊन, कमरेत वाकून रोपे लावणाऱ्या बायका. फडावरची लावणी नंतर. या दोन लावण्यांमधले अंतर ध्यानात घेतले की बराच उलगडा होतो. उत्तर पेशवाईत राम जोशी, होनाजी बाळा, सगनभाऊ, परशराम, प्रभाकर या शाहिरांनी शृंगाराची लावणी विलक्षण उंचीला नेली, यात शंका नाही. त्यांच्या भाषेची नजाकत आजच्या कोणाही गीतकाराला हेवा वाटावी अशी आहे. परंतु त्या लावणीत 'मी' म्हणून बोलणारी स्त्री पुरुषाने लिहिलेली आहे आणि ऐकणाराही पैसे मोजणारा पुरुषच आहे. ती त्याच्यासाठी झुरते, त्याच्यावाचून तिला अन्न गोड लागत नाही, त्याचे रूप मदनाहून सरस आहे. ही स्तुती विकत घेतलेली आहे, आणि विकत घेतलेल्या स्तुतीत अतिशयोक्तीची पातळी बिदागीप्रमाणे चढते. ज्या दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानीत या लावण्यांना बहर आला, त्याच अमदानीत महालांचा वसूल जास्तीत जास्त बोली बोलणाऱ्याला मक्त्याने दिला जात होता. गाण्यात मोत्यांची रास आणि गावात मक्तेदाराचा शिपाई, असे ते चित्र होते. शाहिरांना मी दोष देत नाही. तेही पोटासाठी गात होते. ज्या कलावंतिणीच्या तोंडी हे शब्द घातले गेले, तिला स्वतःला काय म्हणायचे होते, याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही.

बाईला स्वतःला काय म्हणायचे होते, हे जात्यावर कळते. ज्यांना अतिशयोक्तीचा अभ्यास करायचा असेल त्यांनी लावणीआधी ओवीकडे जावे. साने गुरुजींनी 'स्त्रीजीवन'मधून ओव्यांचे धन मराठी वाचकांपुढे आणले. पुढे गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगरी भागातून सुरुवात करून अनेक वर्षे गावोगाव ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. डोंगरातल्या गरिबांची संघटना बांधता बांधता हे काम झाले, ही गोष्ट आपल्या कार्यकर्त्यांनी विशेष लक्षात घ्यावी. आज हा संग्रह 'पारी' या ग्रामीण भारताच्या लोकसंग्रहालयामार्फत कोणालाही ऐकता येतो.

पहाटे जाते फिरविणारी बाई कोणासाठी गाते? ऐकायला कोणी नसते. बिदागी नाही, दाद नाही. जोडीला असेल तर दुसरी बाई, नाहीतर फक्त जात्याची घरघर. तरीही ती भरपूर वाढवून बोलते. आणि नवल असे की, तिच्या अतिशयोक्तीचा मोठा वाटा नवऱ्याच्या वाट्याला येतच नाही. तो जातो भावाकडे, आईकडे, लेकराकडे. तिचा भाऊ राजा, त्याचा वाडा चौसोपी, त्याची बैलजोडी साऱ्या शिवारात उठून दिसणारी, त्याने आणलेल्या साडीची किंमत ऐकून शेजारणीने तोंडात बोट घालावे! प्रत्यक्षात तो भाऊ तिच्याइतकाच फाटका असतो, खाचराच्या दोन तुकड्यांवर गुजराण करीत असतो. मग हा सोन्याचा वाडा कोठून आला?

माझे उत्तर अर्थशास्त्र्याचे आहे, ते काव्यमीमांसकांना रुक्ष वाटेल. मुलगी लग्न होऊन गेली की बापाच्या जमिनीवरचा तिचा हक्क व्यवहारात संपतो. कायद्याने तो दिला तरी हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली जाते, आणि तीही ती देते. कारण माहेर तुटू नये. सही दिल्यानंतर तिच्या हाती काय उरते? दिवाळीला मूळ म्हणून भाऊ येईल, एक लुगडे नेसवील, सासरी जाच झाला तर दारात उभा राहील, एवढा विश्वास. या विश्वासाला दस्तऐवज नाही, नोंदणी नाही. ओवी हाच त्याचा दस्तऐवज. भावाचा वाडा ती जितका उंच बांधते, तितके भावाचे ऋण ती मोठे लिहून ठेवते. ही स्तुती आहे आणि तगादाही आहे. भाबडेपणाने खोटे बोलणारी बाई मला तेथे दिसत नाही. हक्क गेलेली आणि तरी हिशेब न सोडलेली बाई दिसते. तिला खोटी जाणीव वगैरे शब्द लावणाऱ्यांनी आधी आपल्या बहिणीची सही कोठे आहे ते पाहावे.

नवऱ्याविषयीच्या ओव्यांत ती बरीच मोजून बोलते. कुंकवाचा मान, संसाराची सावली, क्वचित कौतुक आणि क्वचित बोचरा टोमणा. ज्याच्याबरोबर रोजचा व्यवहार आहे त्याच्याविषयी वाढवून बोलायला अवकाश कमी असतो. पुढे पिठाची गिरणी आली, बायकांचे कष्ट वाचले, आणि वाचले हे चांगलेच झाले. जात्याबरोबर ओव्या गेल्या म्हणून अश्रू ढाळणाऱ्यांनी पायलीभर नाचणी एकदा स्वतः दळून पाहावी.

या सर्व पार्श्वभूमीवर आता आपल्या चळवळीतील सर्वांत थोर प्रेमगीताकडे येतो. अण्णा भाऊ साठे यांची 'माझी मैना' ही छक्कड. अण्णा भाऊ आपल्या पक्षाचे नव्हते. ते कम्युनिस्ट होते, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथकाचे. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, एस. एम. जोशी ज्या समितीचे सरचिटणीस होते त्या समितीच्या सभांतून, ही छक्कड आपलीही झाली. तिची रचना पाहा. पोटासाठी मुंबईला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढतो. तिच्या रूपाचे वर्णन तो उपमांवर उपमा रचून करतो; येथे सर्व काही जुन्या लावणीच्या थाटाचे आहे, वाढवून सांगण्यात शाहिराने कसूर केलेली नाही. मग ताटातुटीचे कारण येते, आणि ते दैव नसते, दुष्ट सासू नसते. ते दारिद्र्य असते. मग मुंबई येते, तिचा झगमगाट आणि तिची बेकारी. आणि शेवटी ती मैनाच पालटते. दुरावलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर राहिलेला मराठी मुलूख होतो.

अलीकडे वेळेअभावी या छक्कडीचा पहिला भाग गाळून एकदम मुंबई आणि सीमाप्रश्नावर येण्याची सूचना काही ठिकाणी होते. पहिल्या भागात 'नुसते बाईचे वर्णन' आहे, असे त्यामागे म्हणणे असते. ही सूचना मला अत्यंत चुकीची वाटते. ते वर्णन गाळले तर नंतर हरवते काय? शहरात आलेल्या मजुराने गावी काय ठेवले आहे, हे आधी डोळ्यांपुढे उभे राहिले पाहिजे. ते उभे करायला त्याच्याजवळ ना छायाचित्र असते ना पत्र लिहिण्याइतकी अक्षरओळख. त्याच्याजवळ उपमा असतात. वर्षातून एक-दोनदा, शिमग्याला नाहीतर गणपतीला, गावी जाणाऱ्या गिरणी कामगाराने विरहाची रात्र युगासारखी असल्याचे म्हटले, तर त्यात वाढवून सांगितलेले किती आणि रजेच्या नियमांचे वर्णन किती? चाळीच्या एका खोलीत दहा-बारा गडी पाळीपाळीने झोपत, तेव्हा बायकोला आणायचे कोठे? आमच्या मावळपट्ट्यातून, कोकणातून, घाटावरून असे हजारो संसार दोन जागी चालले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि त्यानंतर त्यांतले कित्येक गडी कायमचे गावी परतले; ताटातूट मिटली, पण हाताला काम उरले नाही. श्रोत्यांना मैनेच्या वर्णनात आपली बायको दिसत होती, म्हणून सीमाभागाचे दुःख त्यांना आपले वाटले. बेळगाव अजूनही तेथेच आहे आणि छक्कडही. राजकीय पत्रकाने ते काम झाले नसते. पत्रके तेव्हाही पुष्कळ निघत होती.

सुशिक्षितांच्या प्रेमकवितेविषयी थोडक्यात सांगतो. १९२३ साली पुण्यात निघालेल्या रविकिरण मंडळाने, विशेषतः माधव जूलियनांनी, फारसीचा थाट मराठीत आणला आणि प्रेमाचा सूर बराच चढविला. त्याची टर १९२५ साली आचार्य अत्र्यांनी 'झेंडूची फुले' लिहून अशी उडविली की, पुढची काही वर्षे कवींना सुस्कारा टाकतानाही धाक वाटला असेल. विनोद हा अतिशयोक्तीवरचा सर्वांत स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे; बंदीची गरज नसते. भोरजवळच्या इंगवलीचे मूळ असलेले, गिरणगावात वाढलेले आणि सेवादलाच्या कलापथकात तयार झालेले दादा कोंडके यांनी तर नायकाचा सगळा भारदस्तपणाच नाडीला बांधून फिरविला. त्यांच्या द्व्यर्थी शब्दांवर आपल्या मंडळींनी नाके मुरडली. पण पडद्यावरच्या गंभीर प्रेमवीरांपेक्षा त्यांचा भाबडा नायक बाईसाठी कमी धोक्याचा होता, असे माझे मत आहे.

येथे मी माझ्या खऱ्या चिंतेशी येतो. शनिवार-रविवारी पाली दरवाज्याच्या वाटेने राजगड चढणारे शहरी तरुण खिशातल्या भोंग्यावर गाणी वाजवीत जातात. ती ऐकताना चंद्र-ताऱ्यांचे मला काही वाटत नाही. वाटते ते दुसऱ्या एका अतिशयोक्तीचे: तू माझी झाली नाहीस तर मी जगणार नाही, तुझा नकार हा होकारच आहे, जगाच्या अंतापर्यंत मी तुझ्या मागे येईन. चंद्र आणण्याचे वचन कोणी शब्दशः घेत नाही. पण मागे येईन हे शब्दशः करता येते. १९९० साली उल्हासनगरात शालान्त परीक्षेच्या केंद्रात शिरून एका मुलीला जाळण्यात आले. ३ फेब्रुवारी २०२० रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला कामावर निघालेल्या तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटविण्यात आले, आणि आठवड्याने ती गेली. या कृत्यांना एखादे गाणे कारणीभूत झाले, असे म्हणणे बेजबाबदारपणाचे होईल. तसे मी म्हणत नाही. पण वर्तमानपत्रांनी अशा प्रकारांना 'एकतर्फी प्रेम' हे जे नाव दिले, ते गाण्यांतूनच आले आहे. छळाला प्रेम म्हणण्याइतकी मोठी अतिशयोक्ती मराठी भाषेत दुसरी नसेल, आणि ती बातमीच्या कोरड्या गद्यात छापली जाते.

याच्या शेजारी कुसुमाग्रजांचे 'पृथ्वीचे प्रेमगीत' ठेवून पाहावे. १९४२ सालच्या 'विशाखा'तली ही कविता. पृथ्वीने सूर्यावर प्रेम करावे याहून मोठी अतिशयोक्ती कोणती? तरीही ती प्रेयसी आपली कक्षा सोडीत नाही. इतर ग्रहगोलांची आर्जवे ती नाकारते, सूर्याचे तेज जाणते, आणि अंतर राखून प्रेम करते. मराठीतील सर्वांत विराट प्रेमगीतात समोरच्याच्या आणि स्वतःच्या मर्यादेचे एवढे भान आहे. ज्यांना मुलांच्या शिबिरात या विषयावर बोलायचे आहे, त्यांनी बंदीची भाषा न करता ही कविता वाचून दाखवावी.

आणि आता तक्रार करणाऱ्या तरुण साथींना एक प्रश्न. 'तुझ्यासाठी जीव देईन' हे वाक्य अतिशयोक्तीचे आहे काय? पुण्याच्या एखाद्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर असेल. जामखेड तालुक्यातील खर्डा येथे एप्रिल २०१४ मध्ये सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. वरच्या समजल्या जाणाऱ्या जातीतील मुलीशी तो बोलतो, एवढा संशय पुरेसा ठरला. २०१७ साली त्या खटल्यातील आरोपी निर्दोष सुटले. जेथे बोलण्याची किंमत जीव आहे, तेथे जीव देईन म्हणणारा मुलगा भाव वाढवून सांगत नाही, बाजारभाव सांगतो. १९५४च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करू इच्छिणाऱ्या जोडप्याची नावे आजही तीस दिवस आधी नोटिशीच्या फळ्यावर लागतात. त्या तीस दिवसांत एका रात्रीला युग म्हणण्याचा अधिकार त्या जोडप्याला आहे, असे मी मानतो.

नागराज मंजुळे यांनी 'सैराट'मध्ये (२०१६) हे फार नेमके ओळखले. त्यातील गाण्यांची बोली गावाकडची, साधी आहे. अतिशयोक्ती आहे ती अजय-अतुल यांच्या संगीतात. दोन शाळकरी वाटणाऱ्या पोरांच्या प्रेमामागे परदेशात ध्वनिमुद्रित केलेला प्रचंड पाश्चात्त्य वाद्यवृंद उभा केलेला आहे. विहीर, उसाचा फड, बुलेट, सर्वांना जणू स्वर्गाची उंची मिळते. काही समीक्षकांना हा डामडौल वाटला. पण चित्रपटाचा शेवट आठवा: तेथे संगीत नाही, किंकाळी नाही, काहीच ऐकू येत नाही, एक लहान मूल चालत जाते आणि मागे रक्ताची पावले उमटतात. एवढा मोठा आवाज आधी ऐकविला नसता तर ती शांतता ऐकू आली नसती. सर्व महाराष्ट्राने त्या गाण्यांवर लग्नाच्या वराती नाचविल्या, आणि त्यांतल्या बहुतेक वराती एकाच जातीतल्या लग्नांच्या होत्या, हा दोष गाण्यांचा नाही.

जाता जाता एक नोंद. आपण ज्याला संयत भाषा म्हणतो, तिच्याविषयीही थोडे सावध असावे. 'योग्य तो मोबदला देण्यात येईल', 'पुनर्वसनाची कार्यवाही प्रगतिपथावर आहे' या वाक्यांत एकही उपमा नाही. धरणाखाली जमीन गेलेल्या माणसाला विचारा, त्याला चंद्राचे वचन अधिक प्रामाणिक वाटेल. ते ऐकताना तो निदान हसू शकतो.

कलापथकांच्या चालकांना माझी सूचना अगदी साधी आहे. कोणतेही प्रेमगीत काढण्यापूर्वी किंवा घेण्यापूर्वी ते तालमीत बाईने म्हणून पाहावे आणि पुरुषाने म्हणून पाहावे. जे वाक्य बाईच्या तोंडी आर्जव वाटते आणि पुरुषाच्या तोंडी धमकी वाटते, त्याच्यावर खूण करावी. चर्चा तेथून सुरू करावी. 'माझी मैना' संपूर्ण म्हणावी, सर्व उपमांसह, वेळ कमी असेल तर अध्यक्षीय भाषण कापावे. आणि ओव्यांचा तो लाखाचा संग्रह ऐकून त्यातल्या दहा-वीस तरी ओव्या आपल्या मुलींनी बसवाव्यात. पालीच्या बाजूला, डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर, त्या पाठ असलेल्या म्हाताऱ्या अजून आहेत. त्यांना चाल विचारायला पावसाळ्याआधी जावे. एकदा लावणी सुरू झाली की त्यांना बोलायला सवड नसते.